काचेची सपरी काढायची आहे: खांब लोखंडाचे, सागाचे की सिमेंटचे?

घराला लागून पारदर्शक छताची बंद सपरी काढायची ठरली की सगळी चर्चा काच घ्यावी की पॉलीकार्बोनेट (कडक पारदर्शक प्लॅस्टिक), यावरच होते. काम बिघडतं ते मात्र खाली, पायात. विदर्भात दोन गोष्टी अशा सपरीची परीक्षा घेतात: फुगणारी काळी माती आणि उन्हाळ्याच्या शेवटी येणारं वादळ. म्हणून खांबांची तुलनाही याच दोन गोष्टींवर करू. हिशेब भिंतीलगत १२ फूट आणि पुढे १० फूट अशा सपरीचा, सहा खांबांचा: तीन भिंतीजवळ, तीन पुढे.

आधी वारा. वाऱ्याच्या भारासाठीच्या भारतीय मानकात (आयएस ८७५, भाग ३) नागपूरसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. त्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ११८ किलो होतो. आपलं छत ११ चौरस मीटरचं, म्हणजे जोराच्या वादळात ते सुमारे १३०० किलोंनी वर ओढलं जाऊ शकतं. वाऱ्याकडचं दार उघडं राहिलं तर त्याहूनही जास्त. आणि १० मिलीमीटर मल्टिवॉल (आत पोकळ नळ्या असलेल्या) पॉलीकार्बोनेटच्या अख्ख्या छताचं वजन? जेमतेम १९ किलो. थोडक्यात, खांबाला छत उचलून धरण्यापेक्षा खाली धरून ठेवावं लागतं. मधल्या खांबांवर प्रत्येकी सव्वातीनशे किलोंची ओढ येते. दीड फूट लांब, दीड फूट रुंद आणि तीन फूट खोल काँक्रीटचा ठोकळा साधारण ४३५ किलोंचा भरतो. तेवढा प्रत्येक खांबाखाली हवाच.

आता माती. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पक्क्या घराचं वजन तिला थोडंफार दाबून ठेवतं, पण हलकी सपरी ती सहज उचलते. त्यामुळे तीन फूट हे माप किमान समजा. खड्डा कडक मुरूम लागेपर्यंत न्यायचा, मुरमात अर्धा फूट शिरायचं, खाली चार इंच कोबा (सिमेंट, वाळू, गिट्टी १:४:८) टाकायचा आणि त्यावर ठोकळा ओतायचा. खड्ड्यातून निघालेली काळी माती परत भरायची नाही. सहा-सहा इंचांच्या थरांत मुरूम टाकून, पाणी मारून, धुमसाने ठोकायचा. ठोकळ्याभोवती जाड प्लॅस्टिक गुंडाळलं तर फुगणारी माती त्याला धरून वर नेत नाही. पाच-सहा फुटांवरही मुरूम लागत नसेल तर ठोकळ्याचा नाद सोडा आणि अंडर-रीम्ड पाइल करा: २५ सेंटिमीटर व्यासाचं, साडेतीन मीटर खोल भोक, तळाशी अडीचपट रुंद फुगा. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने ही पद्धत अशाच जमिनींसाठी विकसित केली.

एवढं पक्कं झालं की मग खांब कशाचा, हा प्रश्न.

लोखंडी चौकोनी पाइप. बहुतेकांनी हेच करावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. तीन इंची, ३ मिलीमीटर जाडीचे खांब. दोन-दोन फुटांवर ६०×४० मिलीमीटरचे, तेवढ्याच जाडीचे सात वासे. वर दोन आडव्या पाइप आणि मधे बारीक आडवे. बेसप्लेट (खांबाच्या तळाची लोखंडी पाटी) आणि कोपऱ्यांतल्या तिरप्या पाइपांसह सांगाडा साधारण ३०० किलोंचा होतो. कोणी दीडशे-पावणेदोनशे किलोंत करून देतो म्हणाला तर तो १६ गेज, म्हणजे १.६ मिलीमीटरचा पाइप लावणार. पाइप उतरवला की टोकाची जाडी व्हर्नियरने मोजून घ्या.

याचा खरा फायदा पायाशी आहे. खांब काँक्रीटमध्ये गाडायचा नाही. गाडलेला पाइप जमिनीच्या पातळीवरच सडतो, कारण तिथे ओल आणि हवा दोन्ही असतात, आणि आतल्या बाजूचा गंज दिसतही नाही. ठोकळ्यात १६ मिलीमीटरचे चार जे-बोल्ट (खालून वाकवलेले बोल्ट) सोडून त्यावर ८ इंची, १० मिलीमीटर जाडीची बेसप्लेट बसवायची, फरशीपासून किमान चार इंच वर. प्लेटच्या खाली एक नट, वर एक नट. पुढे कधी एखादा खांब थोडा बसला किंवा उचलला तर नट फिरवून पातळी परत आणता येते. साग किंवा आरसीसीत (सळ्या घातलेल्या सिमेंट काँक्रीटमध्ये) ही सोय इतकी सहज मिळत नाही. जीआय (जस्ताचा थर दिलेला) पाइप घेतला तरी वेल्डिंगच्या जागी जस्त जळतं. तिथे ब्रशने घासून झिंक प्रायमरचे दोन हात द्यावेच लागतात.

साग. गडचिरोली-चंद्रपूर भागात डेपोचा चांगला साग मिळतो आणि जुन्या वाड्याला तोच शोभतो. चार इंची खांब, दोन बाय चारचे वासे, तीन बाय पाचच्या तुळया धरून घट-तूटसह १४ घनफूट लाकूड लागेल. पावती आणि वाहतूक परवाना मागून घ्या. बाहेरचा पांढुरका भाग असलेला नग परत करा, कारण उधई तिथूनच शिरते. खांब दगडी तळखड्यावर लोखंडी बुटात उभा करायचा. मात्र नुसता ठेवलेला खांब वादळात टिकत नाही. बूट ठोकळ्यातल्या बोल्टला आणि खांबाला, दोन्हीकडे आरपार कसलेला हवा. लाकूड मेमध्ये आकसतं आणि ऑगस्टमध्ये फुगतं, म्हणून काचेभोवती ५ मिलीमीटर मोकळं सोडून रबर भरावं. नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात कोपरा तडकतो.

आरसीसी. पुढे वर स्लॅब टाकायचा पक्का विचार असेल तरच. तेव्हा मात्र पाया इंजिनिअरकडून त्या भारासाठी काढून घ्या. नऊ इंची कॉलम, १२ मिलीमीटरच्या चार सळ्या, सहा इंचांवर रिंगा हे नेहमीचं माप हलक्या छतापुरतं आहे. उन्हाळ्यात ओतले तर गोणपाट गुंडाळून किमान दहा दिवस पाणी मारा. खारपाणपट्ट्यात, म्हणजे दर्यापूर, तेल्हारा, मूर्तिजापूरकडे, बोअरचं खारं पाणी काँक्रीटला वापरू नका. आतल्या सळ्या गंजून फुगतात आणि काँक्रीट फोडतात. लोखंडी खांबांच्या ठोकळ्यांनाही हेच लागू.

आता घराशी जोड. भिंतीलगतचे तीन खांब वाचवून वासे थेट भिंतीत अडकवण्याचा मोह होतो. मातीच्या भिंतीला तर हे करूच नका. नऊ इंची विटेच्या भिंतीत १२ मिलीमीटरचे अँकर दोन-दोन फुटांवर चालतात, पण घराचा पाया आणि नवा पाया दोन्ही मुरमावर असतील तरच. एक काळ्या मातीत आणि दुसरा मुरमावर असेल तर दोन्ही वेगवेगळे हलतात, जोडावर भेग पडते आणि छत गळतं. सहा खांबांची स्वतंत्र सपरी, भिंतीपासून इंचभर फट आणि त्यावर भिंतीत खोचलेली पत्र्याची पट्टी, हा महाग वाटला तरी शांत झोपू देणारा मार्ग. पट्टीची खालची कड सपरीला स्क्रूने बांधायची नाही, नुसती टेकवायची.

छताला काच नकोच. गारपीट होते आणि वानरांची टोळी उडी मारते. पॉलीकार्बोनेटला फुटाला एक इंच उतार द्या, नळ्या उताराच्या दिशेने, यूव्हीची (उन्हापासून वाचवणारा थर असलेली) बाजू वर. बारा फुटांची शीट थंडी आणि उन्हाळ्याच्या मधे सव्वा सेंटिमीटरच्या आसपास लांबी बदलते. म्हणून स्क्रूचं भोक स्क्रूपेक्षा मोठं, खाली रबर वॉशर, आणि स्क्रू हातानेच कसायचा. पश्चिमेकडे तोंड करून ही सपरी काढू नका. मेमध्ये तिथे झाडंही करपतात.

शेवटी फरशी. आत कुंड्या असणार, रोज पाणी पडणार, आणि ते खालच्या काळ्या मातीत मुरलं की फरशी मधेच उचलते. वरची किमान दोन फूट काळी माती काढून मुरूम भरा, त्यावर पेव्हर ब्लॉक बसवा आणि बाहेर नाली काढा. सपरीभोवती बाहेर उताराचा तीन फूट कोबा करा, पन्हाळीचं पाणी त्याच्या पलीकडे सोडा.