मोडी लिप्यंतर सेवा: खापरपणजोबांच्या शोधातला अनुभव

तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून मिळालेल्या कडईपत्रकाच्या (जमिनीच्या जुन्या नोंदींच्या) आणि गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदी असलेल्या कोतवाल बुकाच्या, नकला मोडीत असल्याने मी त्या पुण्यातील एका लिप्यंतरकारांकडे सोपवल्या. मोडीत शब्द सलग लिहिले जातात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळला जात नाही; त्यामुळे नुसती अक्षरओळख पुरत नाही, जुन्या दफ्तराची भाषा जाणणारा माणूस लागतो, आणि तो येथे मिळाला. घरातल्या वाटणीपत्रावरील फसली (जुन्या महसुली कालगणनेतील) १३०७ या सालात ५९० मिळवून त्यांनी इसवी सन १८९७-९८ काढून दिले, तेव्हा खापरपणजोबांनी भावांपासून वेगळे होण्याचा काळ पुण्यातील प्लेगचाच होता, हे प्रथमच ध्यानात आले. (आमच्याकडे त्या वाटणीचा दोष आजवर थोरल्या जावेवर ढकलला जात असे!)

उणीव एकच, पण लहान नव्हे: संदिग्ध अक्षरांवर खूण न करता त्यांनी एका गावाचे नाव ठामपणे चुकीचे लिहिले आणि ती चूक शेजारच्या फेरफार नोंदीवरून मलाच शोधावी लागली. काम देताना ओळीस ओळ लावलेले लिप्यंतर आणि शंकास्थानांची स्वतंत्र नोंद आधीच मागून घ्यावी.