दारू सोडायची आहे, मग कोणत्या मीटिंगला जावं?

दारू सोडू पाहणारी माणसं एकमेकांना आधार द्यायला जमतात, ती मीटिंग. ती शोधायला निघालेला माणूस बहुतेक वेळा विचारतो, 'कुठली संघटना चांगली?' माझ्या मते संघटनेपेक्षा समूह महत्त्वाचा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिथे दुसऱ्यांदा जावंसं वाटणं. तरी फरक माहीत असलेले बरे. नको त्या ठिकाणी पहिलं पाऊल पडलं, की 'हे आपल्यासाठी नाही' म्हणत माणूस माघारी फिरतो, आणि पुन्हा निघायला त्याला फार बळ गोळा करावं लागतं.

त्याआधी एक गोष्ट. रोज भरपूर पीत असाल, सकाळी हात थरथरत असतील, तर एकदम बंद करण्याआधी डॉक्टरांना भेटा. शेवटच्या पेल्यानंतर दोन दिवसांच्या आत झटके येऊ शकतात, पुढे भ्रम होऊ शकतो, आणि यात जीवही जातो. डॉक्टरांचं हे काम कुठलीही मीटिंग करू शकत नाही.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी सुरू झाली. बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ हे दोघेही दारूने पोळलेले. एकमेकांशी बोलत राहिलं तर पिणं टळतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. आजही मीटिंगचा गाभा तोच आहे. एक जण आपला अनुभव सांगतो, बाकीचे ऐकतात. मध्येच तोडून कुणी उपदेश करत नाही. आडनाव विचारत नाहीत, फी नाही. शेवटी डबा फिरतो, त्यात टाकायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं. सभासद व्हायची अट एकच, दारू थांबवण्याची इच्छा. एएच्या बारा पायऱ्यांमध्ये, म्हणजे दारूमुक्त होण्याच्या तिच्या कार्यक्रमात, ईश्वराचा, उच्च शक्तीचा उल्लेख येतो आणि तिथे बरेच जण अडतात. उच्च शक्ती कुणाला मानायचं हे ज्याचं त्याच्यावर सोडलेलं असतं, समूहालाच ती शक्ती मानणारे नास्तिकही असतात. पण प्रार्थना ऐकूनच तुम्ही आक्रसून जात असाल, तर स्वतःवर जबरदस्ती करू नका.

अशांनी स्मार्ट रिकव्हरी बघावी. १९९४ साली सुरू झालेली ही संघटना विचार आणि वर्तन बदलण्याच्या मानसशास्त्रीय तंत्रांवर उभी आहे. प्रेरणा टिकवणं, तलफ हाताळणं, विचार-भावना सांभाळणं आणि समतोल जगणं, असे तिचे चार मुद्दे. प्रशिक्षित व्यक्ती मीटिंग चालवते, मोकळी चर्चा होते, दुसऱ्याच्या अडचणीवर सुचवताही येतं. स्वतःला 'अल्कोहोलिक' म्हणवून घ्यावं लागत नाही आणि जन्मभर येत राहण्याची अपेक्षाही नसते. उणीव दोन ठिकाणी जाणवते. मीटिंगा एएच्या मानाने कमी, आणि एएतल्यासारखा स्पॉन्सर, म्हणजे नवख्याला सांभाळून घेणारा जुना सभासद, नाही. रात्री अकराला तलफ उसळते तेव्हा जो फोन उचलतो, जो स्वतः त्याच वाटेने आलेला असतो, त्या माणसाचं मोल मला फार वाटतं.

पुराव्याचं म्हणाल, तर वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२०च्या आढाव्यात २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक लोक पाहिले गेले. रुग्णाला पद्धतशीरपणे एएशी जोडून देणारे उपचार पूर्ण दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत इतर उपचारांपेक्षा सरस ठरले. बाकी बाबतींत बहुधा त्यांच्या तोडीचे. म्हणून देवाची अडचण नसेल, तर मी आधी एएच सुचवेन.

एएतही खुली आणि बंद अशा दोन मीटिंगा असतात. खुल्या मीटिंगला कुणीही येऊन बसू शकतं. बायको, भाऊ, मित्र सोबत आला तरी चालतं. बंद मीटिंग फक्त दारूचा त्रास असलेल्यांची. तिथे माणसं जास्त उघडपणे बोलतात. ज्याला अजून 'मला त्रास आहे' हे म्हणवत नाही, त्याने खुलीपासून सुरुवात करावी. फक्त महिलांच्या मीटिंगाही असतात. घरच्या मारहाणीबद्दल किंवा मुलांबद्दल पुरुषांसमोर बोलवत नसेल, तर त्याच शोधाव्यात.

ऑनलाइन की प्रत्यक्ष? ओळखीचं कुणी भेटेल ही धास्ती असेल, घराबाहेर पडता येत नसेल, तर ऑनलाइन उत्तम. पण कॅमेरा बंद करून नुसतं ऐकत राहणं सोपं असतं, आणि तिथेच माणूस एकटा पडतो. प्रत्यक्ष मीटिंगचा खरा लाभ मला ती संपल्यावरच्या दहा मिनिटांत दिसतो. नंबर दिले-घेतले जातात, 'उद्या ये' असं कुणी सांगतं. जमेल त्याने प्रत्यक्षच जावं आणि मधल्या दिवसांसाठी ऑनलाइन ठेवावी.

प्रत्येक एए समूह आपला कारभार आपणच पाहतो, त्यामुळे एक मीटिंग कंटाळवाणी निघाली म्हणून एए वाईट ठरत नाही. तीन-चार वेगवेगळे समूह बघा. जाण्याआधी फोन करून एवढंच विचारा: खुली आहे का, भाषा कोणती, नवख्यासाठी वेगळी वेळ आहे का. कुणी औषधं बंद करायला सांगत असेल, तर तो एएचा नियम नव्हे. त्या माणसाचं ऐकू नका, डॉक्टरांचं ऐका.

आणि हे वाचणारी पत्नी किंवा आई असेल, तर तिच्यासाठी अल्-अनॉन ही पिणाऱ्यांच्या घरच्यांची संघटना आहे, १९५१ साली बिल विल्सन यांच्या पत्नी लोइस विल्सन आणि त्यांच्या सहकारी अ‍ॅन यांनी उभी केलेली. घरचा माणूस अजून पीत असला, मीटिंगला जायला तयार नसला, तरी तिला तिथे आजच जाता येतं.