सान कॅलिस्तो कॅटाकोम्ब, रोम: पाचपैकी पाच, पण थोडं वाचून जा

रोमला गेल्यावर कलोसियम आणि व्हॅटिकन सगळेच बघतात, पण ख्रिस्ती धर्म सुरुवातीला वाढला कसा हे समजून घ्यायचं असेल तर शहराबाहेर जुन्या आपिया रस्त्यावर सान कॅलिस्तोच्या भुयारात उतराच (कॅटाकोम्ब म्हणजे जमिनीखालची दफनभूमी). व्हॅटिकनमध्ये दिसतो तो जिंकलेला धर्म, आणि इथे ती माणसं आहेत ज्यांच्याकडे ना सत्ता होती ना सैन्य.

आत एकट्याने फिरता येत नाही, गाइडबरोबर ग्रुपनेच जायचं, इंग्रजी टूर मिळते. पायऱ्या उतरलं की गार लागतं, भर उन्हाळ्यात पण, म्हणून अंगावर घ्यायला काहीतरी ठेवा. दोन्ही बाजूच्या भिंतींत एकावर एक आडवे कप्पे कोरलेत, मऊ ज्वालामुखी दगडात, आणि त्यातले कितीतरी इतके छोटे आहेत की लहान मुलांचे हे सांगावं लागत नाही. तिथे मी बराच वेळ काही बोलूच शकले नाही.

आम्हाला तिथे सोडणाऱ्या बस टूरचा माणूस वाटेत सांगत होता की ख्रिस्ती लोक रोमन सैनिकांपासून लपून इथे राहायचे. आतल्या गाइडने पहिल्या पाच मिनिटांत हे खोडून काढलं आणि मला ते फार आवडलं. ही दफनभूमी होती, बस. रोमन कायद्याने शहराच्या हद्दीत दफन करायला बंदी होती म्हणून सगळ्यांच्याच कबरी शहराबाहेर, रस्त्यांच्या कडेला असायच्या. आणि सरकारला ही जागा चांगली ठाऊक होती, कारण 257 मध्ये सम्राट व्हॅलेरियनने ख्रिस्ती लोकांना त्यांच्या दफनभूमीत जायलाच मनाई केली आणि पुढच्या वर्षी 6 ऑगस्टला रोमचे बिशप (म्हणजेच पोप) सिक्स्टस दुसरे यांना चार डीकनांसकट (बिशपचे चर्चमधले मदतनीस) दफनभूमीतच पकडून मारलं. लपायची जागा असती तर असा हुकूम काढावा लागला असता का?

ज्याच्या नावाने ही जागा आहे तो कॅलिस्टस आधी गुलाम होता. मालकाने त्याला पैशाचा व्यवहार सांभाळायला दिला, तो व्यवहार बुडाला, पुढे सार्डिनियाच्या खाणीत सक्तमजुरीही झाली (हे कळतं त्याच्या कट्टर विरोधकाच्या लिखाणातून, त्यामुळे थोडं तिखटमीठ धरून चाला). त्यानंतर बिशप झेफिरिनसने याच माणसाला ही दफनभूमी सांभाळायला दिली आणि साधारण 217 मध्ये तो स्वतः रोमचा बिशप झाला. त्या काळच्या रोममध्ये गुलामगिरीतून आलेल्या माणसाला आपल्या समाजाचा प्रमुख करणारे लोक, हा विचार मला सोडत नाही.

माझं मत स्पष्ट आहे, हा धर्म सम्राट कॉन्स्टंटाईनमुळे वाढला हे अर्धंच खरं. 313 मध्ये या धर्माला मोकळीक मिळाली, 380 मध्ये तो साम्राज्याचा अधिकृत धर्म झाला, पण त्याच्या कितीतरी आधी, 251 च्या सुमारास, बिशप कॉर्नेलियसच्या एका पत्रात रोमच्या चर्चचा हिशोब आलाय: 46 प्रिस्बिटर (म्हणजे पाद्री), 7 डीकन, आणि चर्च पोसतंय अशा विधवा आणि अडलेले लोक 1500 च्या वर! छळ चालू असलेल्या काळात!! आधीच्याच वर्षी सम्राट डेसियसच्या छळात बिशप फेबियनचा जीव गेला होता. गरिबाला जिवंतपणी जेवण आणि मेल्यावर धड जागा, हे ज्यांनी चुकवलं नाही त्यांच्याकडे लोक येणारच ना.

फेबियनची कबर इथेच, पोपच्या क्रिप्टमध्ये (जमिनीखालची दफनाची खोली) आहे, तिसऱ्या शतकातल्या बिशपांची ही खोली, नावं ग्रीकमध्ये कोरलेली. तिथेच डमाससची कविताही कोरलीय, चौथ्या शतकातला बिशप, त्यात तो म्हणतो की मलाही इथेच पुरून घ्यायचं होतं पण या पवित्र लोकांच्या अस्थींना धक्का लावायची भीती वाटली. या खोलीत गाइडला घाई करू देऊ नका, प्रश्न विचारा.

आणि हे सगळं सापडलं कसं तर पुरातत्त्वज्ञ जोव्हानी बतिस्ता दे रोस्सीमुळे. 1849 मध्ये त्याला एका द्राक्षमळ्यात संगमरवराचा तुकडा मिळाला, त्यावर कॉर्नेलियसच्या नावाची शेवटची अक्षरं आणि हुतात्मा हा शब्द, तेवढ्यावरून त्याने पोप पायस नववे यांना मळा विकत घ्यायला लावला. पुढे कॉर्नेलियसची कबर सापडली, 1854 मध्ये हे क्रिप्ट. टूरमध्ये या माणसाबद्दल फार वेळ मिळत नाही म्हणून आधी वाचून जा.

भुयारं कित्येक किलोमीटर आहेत, दाखवतात त्यातला छोटासा भाग, पाऊण तासाच्या आसपास. फोटो काढायला मनाई आहे आणि मला ते योग्यच वाटतं, कबरी आहेत शेवटी. गुडघे दुखत असतील किंवा बंद जागेत घुसमटत असेल तर मात्र विचार करून जा. बुधवारी बंद असतं.