छोट्या उपग्रहासाठी एफपीजीए: एसरॅम, फ्लॅश की अँटिफ्यूज?

नाशिकमधल्या एखाद्या कॉलेजच्या टीमने पीएसएलव्ही रॉकेटच्या, कक्षेतच राहणाऱ्या चौथ्या टप्प्यावर, म्हणजे पोएमवर, प्रयोग पाठवायचं ठरवलं की हाताशी बहुतेक वेळा एसरॅमवाला एफपीजीए बोर्ड असतो. एफपीजीए म्हणजे आतलं सर्किट आपल्याला हवं तसं प्रोग्रॅम करता येतं अशी चिप. लॅबमध्ये शिकलेलं त्याच्यावरच. तोच वर पाठवावा का? माझं मत स्पष्ट आहे: मुख्य नियंत्रणासाठी नको.

एसरॅम चिपमध्ये तुमचं सर्किटच मेमरीच्या बिटांत साठवलेलं असतं. एखादा प्रोटॉन किंवा जड आयन आरपार गेला आणि त्यातला महत्त्वाचा बिट उलटला, तर नुसता आकडा चुकत नाही, जोडणीच बदलते आणि बोर्ड भलतंच काम करू लागतो. दक्षिण अटलांटिकवर प्रारण पट्टा खाली झुकलेला आहे, तिथून जाताना हा धोका सर्वांत जास्त. उपाय आहेत: तेच लॉजिक तीनदा मांडून बहुमत घ्यायचं आणि मेमरी सतत तपासून दुरुस्त करत राहायचं. पण त्यात चिपमधली जागा तिपटीहून जास्त जाते, वीजही वाढते. कॅमेऱ्याच्या प्रतिमांवर जड प्रक्रिया करायची असेल, तरच हा खटाटोप परवडतो. तिथे एखादी फ्रेम बिघडली तरी उपग्रह हातचा जात नाही.

फ्लॅश चिपमध्ये जोडणी तरंगत्या गेटवर, म्हणजे चहूबाजूंनी विद्युतरोधकाने वेढलेल्या थरावर, अडकलेल्या विद्युतभाराने टिकते. एका कणाने ती सहसा ढळत नाही, आणि वीज मिळताच चिप कामाला लागते. आतल्या फ्लिप-फ्लॉपचे (एकेक बिट धरून ठेवणाऱ्या घटकांचे) बिट मात्र उलटतात, तेवढे तिहेरी करावे लागतात. प्रारणाची मात्रा साचत गेली की पुन्हा प्रोग्रॅम करण्याची क्षमता लवकर जाते, म्हणून कक्षेत गेल्यावर डिझाइन बदलण्याच्या भरवशावर राहू नका. 2021 मध्ये मंगळावर उडालेल्या इंजेन्युइटीत हाच वर्ग होता: प्रोअ‍ॅसिक-3 फ्लॅश एफपीजीए, सोबत मोबाइलमधला स्नॅपड्रॅगन 801 आणि गाड्यांच्या सुरक्षा यंत्रणांसाठी बनलेले टीएमएस570 मायक्रोकंट्रोलर.

अँटिफ्यूज सर्वांत भक्कम, पण एकदा प्रोग्रॅम केली की कायमची. महागही. शिकणाऱ्या टीमला ती झेपत नाही.

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागात वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक्सवर काम करणारे एईसी-क्यू100 मानकाच्या, म्हणजे वाहनांसाठीच्या चाचण्यांतून पास झालेल्या चिप सुचवतील. सल्ला चांगला आहे. ग्रेड 1 म्हणजे उणे 40 ते 125 अंश सेल्सिअस, आणि दर्जाही नेमका. फक्त त्यात रेडिएशनची हमी नसते. त्यामुळे सगळे नग एकाच लॉटचे, म्हणजे एकाच उत्पादन-तुकडीतले घ्या, कारण प्रारण सोसण्याची ताकद लॉटनुसार बदलते.

पैसे कमी असतील तर महागड्या चिपआधी वीजवाहिनीवर खर्च करा. लॅच-अप झालं, म्हणजे कणाच्या आघाताने चिपच्या आतच शॉर्टसर्किटसारखी वाट उघडली, की चिप एकदम जास्त करंट ओढते आणि काही क्षणांत जळू शकते. प्रत्येक चिपच्या वाटेवर करंट मोजून तातडीने वीज तोडणारा आणि थोड्या वेळाने पुन्हा जोडणारा स्विच ठेवा. त्याची मर्यादा नेहमीच्या कमाल करंटच्या जरा वर ठेवा. एसरॅम चिप चालू होताना करंट उसळतो, तो आधी ऑसिलोस्कोपवर पाहून घ्या, नाहीतर स्विच सुरुवातीलाच वीज तोडेल.