लग्नाशिवाय घेतलेला दोघांचा फ्लॅट आणि ठाण्यातील एक वकिली कार्यालय

लग्न न करता सहा वर्षे एकत्र राहिल्यानंतर मी आणि माझा जोडीदार गेल्या वर्षी वेगळे झालो. घोडबंदर रोडवरील फ्लॅट दोघांच्या नावावर, कर्जही दोघांच्या नावावर, त्यामुळे पुढे काय करायचे हे विचारण्यासाठी मी कोर्ट नाक्याजवळील एका वकील मॅडमकडे गेले. कार्यालयाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण खाली एक तक्रारही आहे.

पहिली बैठक ठरलेल्या वेळेपेक्षा सव्वा तास उशिरा सुरू झाली. मात्र ‘काय झाले’ हे विचारण्याआधी मॅडमनी नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाकडून मिळणारा दस्ताचा गोषवारा) आणि बँकेचे उतारे मागितले, हे मला आवडले. त्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी अर्धा तास आमच्या नात्यावर उपदेश ऐकल्यावर ‘कौटुंबिक न्यायालयात अर्ज टाकू’ असा सल्ला मिळाला होता, आणि तो चुकीचाच होता. 1984 च्या कायद्याने त्या न्यायालयाकडे सोपवलेले मालमत्तेचे वाद विवाहातील पक्षकारांचे आहेत. आमच्यासारख्यांना दिवाणी न्यायालयातच वाटपाचा दावा लावावा लागतो, आणि टू-बीएचकेचे दोन तुकडे पडत नसल्याने 1893 च्या विभाजन कायद्यानुसार तो विकून पैसे वाटून घेण्याचा आदेशही होऊ शकतो.

खरे काम त्यानंतर झाले. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 45 प्रमाणे, वेगळा करार नसेल तर संयुक्त खरेदीत ज्याने जितके पैसे घातले त्या प्रमाणात त्याचा हिस्सा ठरतो, आणि कोणी किती घातले याचा पुरावाच नसेल तर हिस्से समान मानले जातात. म्हणून मॅडमच्या सहायकाने सहा वर्षांचे उतारे पसरून पिवळ्या हायलायटरने ओळी रंगवायला घेतल्या. बिल्डरला माझ्या खात्यातून गेलेले 14 लाख रंगले. जोडीदाराला पाठवलेल्या ज्या रकमांपुढे मी ‘हप्ता’ असे लिहिले होते त्या रंगल्या, आणि ज्यांच्यापुढे नुसते बदामाचे चिन्ह होते त्या वादाच्या म्हणून बाजूला पडल्या. वाणसामान आणि कामवाल्या मावशींचा पगार यांच्या ओळी पांढऱ्याच राहिल्या. ते पाहताना वाईट वाटले, पण हिशोब कसा मांडला जातो हे इतके स्पष्ट मला कोणी दाखवले नव्हते. कर्जाबाबत मॅडमनी एकाच वाक्यात सांगितले, की आम्ही वेगळे झालो तरी बँक पूर्ण थकबाकी दोघांपैकी कोणाकडूनही वसूल करू शकते.

2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याबद्दल मीच विचारले. ‘विवाहसदृश’ नात्यातील स्त्रीला त्याखाली सामायिक घरात राहण्याचा हक्क आणि आर्थिक दिलासा मागता येतो, परंतु घराची मालकी मिळत नाही; शिवाय नाते विवाहसदृश ठरण्यासाठी दोघे लग्नास पात्र असणे, समाजात जोडप्याप्रमाणे वावरणे, पुरेसा काळ एकत्र राहणे अशा अटी सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये घातल्या आहेत. आमच्यात हिंसाचार नव्हता, तेव्हा केवळ दबावासाठी असा अर्ज आपण करणार नाही, हे त्यांनी स्वतःहून सांगितले. त्यात त्यांची फी बुडाली असणार.

अखेर जोडीदाराने मोबदला घेऊन आपला हिस्सा मला सोडायचे ठरले, आणि तक्रार इथेच आहे. हक्कसोडपत्राच्या मसुद्यात जोडीदार माझे ‘पती’ म्हणून आला होता. जुन्या दस्तावरून उतरवलेला मजकूर कोणी वाचलाच नव्हता. ही साधी टंकलेखनाची चूक नव्हे. महाराष्ट्रात पती-पत्नींमधील राहत्या घराच्या बक्षीसपत्राला मूळ मुद्रांक शुल्क 200 रुपये लागते, तर आमच्यासारख्यांच्या हक्कसोडपत्राला त्या हिश्श्याच्या बाजारमूल्यावर खरेदीखताइतके. आयकरातही असा जोडीदार ‘नातेवाईक’ नाही, त्यामुळे हिस्सा मोबदल्याविना मिळाला असता आणि त्याचे मुद्रांक मूल्य 50,000 रुपयांवर असते, तर ते माझ्या उत्पन्नात धरले गेले असते. खोटे नाते लिहून दुय्यम निबंधकांपुढे सही करण्याची वेळ मी मसुदा वाचला म्हणूनच टळली.

मॅडमनी चूक मान्य केली आणि दोन दिवसांत जादा पैसे न घेता नवा मसुदा दिला. दस्त गेल्या महिन्यात नोंदवला. पाचपैकी चार तारे देते. पाचवा त्या ‘पती’साठी कापला आहे.