माशांवरची ९६ तासांची टॉक्सिसिटी टेस्ट बाहेरच्या लॅबकडून करून घेतली, त्याचा रिव्ह्यू

लॅबचं नाव देत नाहीये, कारण कौतुकही करायचंय आणि तक्रारही, आणि नाव दिलं की लोक आपल्याला हवं तेवढंच वाचतात. काम काय होतं तर आमचं एक नवीन प्रिझर्व्हेटिव्ह आहे, त्याची गोड्या पाण्यातल्या माशांवरची अल्पकालीन विषारीपणाची टेस्ट, म्हणजे ओईसीडी २०३ (ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची २०३ नंबरची टेस्ट गाइडलाइन), आणि तीही जीएलपीखाली, म्हणजे लॅबच्या कामाच्या शिस्तीचे नियम पाळून, रजिस्ट्रेशनच्या फाइलला चालेल अशी. ज्यांचा संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: केमिकलची किमान पाच वेगवेगळी प्रमाणं पाण्यात तयार करायची, प्रत्येकात निदान ७ मासे, शिवाय एक टँक नुसत्या पाण्याचा, म्हणजे कंट्रोल. मग २४, ४८, ७२ आणि ९६ तासांना किती मेले ते मोजायचं आणि ज्या प्रमाणाला निम्मे मरतील असं गणित सांगतं तो आकडा म्हणजे एलसी५०. ऐकायला इतकं सोपं वाटतं की लॅबवाले फोनवर "हो हो, आमच्याकडे रोजचंच आहे" म्हणतात आणि आपणही निवांत होतो. निवांत होऊ नका एवढंच सांगायला हे लिहितोय.

सुरुवात मात्र मस्त झाली. बाकीच्या दोन-तीन ठिकाणी विचारलं तिथे लगेच कोटेशन आलं, यांच्याकडून आधी प्रश्न आले. पाण्यात किती विरघळतं, पाण्यात तुटतं का, उडून जातं का, काचेला चिकटतं का, पाण्यातलं प्रमाण मोजायची पद्धत तयार आहे का, आणि डॅफ्नियाची (पाण्यातला पिसवेएवढा छोटा जीव) ४८ तासांची आणि शेवाळाची ७२ तासांची टेस्ट झालीय का. शेवटचा प्रश्न ऐकून मी खूश झालो, कारण तो विचारणारी लॅब उगाच मासे मारत नाही. त्यामागे थ्रेशोल्ड अप्रोच म्हणून एक प्रकार आहे, २०१० पासून ओईसीडीच्या मार्गदर्शनात आहे: डॅफ्निया आणि शेवाळ यांच्यावर ५० टक्के परिणाम दाखवणाऱ्या प्रमाणांपैकी जो कमी आकडा असेल त्या एकाच प्रमाणात आधी मासे सोडून बघायचे, एकही मेला नाही तर मासा यात सगळ्यात नाजूक नाही हे कळलं आणि पाच प्रमाणांची पूर्ण टेस्ट करायची गरजच उरत नाही. ७ मासे सगळे जगले तर त्यामागचं गणित पण सोपं आहे, एलसी५० तिथे किंवा त्याच्या खाली असता तर सातही जगायची शक्यता जास्तीत जास्त अर्ध्याचा सातवा घात, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. पूर्ण टेस्टला कंट्रोल धरून किमान ४२ मासे लागतात, केमिकल विरघळवायला सॉल्व्हंट वापरला तर त्याचा वेगळा कंट्रोल म्हणजे ४९, त्यामुळे फरक केवढा पडतो बघा. आमच्या बाबतीत त्या एका प्रमाणातच मासे दगावले म्हणून पूर्ण टेस्ट करावी लागली, पण निदान विचारलं तरी.

मासे ठेवायची जागा बघायला मी स्वतः गेलो होतो आणि लॅब बघायला जाणाऱ्या प्रत्येकाला सांगेन की एसीवाली कॉन्फरन्स रूम आणि प्रेझेंटेशन सोडा, सरळ तिथे घेऊन चला म्हणा. यांच्याकडे झेब्राफिश होते. प्रत्येक बॅचचं वेगळं रजिस्टर, रोज किती मेले त्याची नोंद, सही. नियम असा आहे की मासे आणले की आधी ४८ तास सेटल होऊ द्यायचे, मग पुढच्या ७ दिवसांत १० टक्क्यांहून जास्त मेले तर अख्खी बॅच बाद, ५ ते १० टक्के मेले तर अजून ७ दिवस थांबायचं, ५ टक्क्यांच्या आत असेल तरच घ्यायची. रजिस्टरमध्ये एका बॅचवर आडवी रेघ मारून "बाद" लिहिलेलं होतं आणि खाली कारण. ती रेघ बघून मला या लॅबबद्दल सगळ्यात जास्त विश्वास वाटला, कारण ज्या रजिस्टरमध्ये कधीच काही बाद होत नाही ते रजिस्टर संध्याकाळी बसून एकदम भरलेलं असतं, हे या धंद्यातल्या कुणालाही विचारा.

पाण्याचं पण नीट होतं. नळाचं पाणी कार्बन फिल्टरमधून काढून, हवा सोडून ठेवलेलं, क्लोरीनची तपासणी रोज. क्लोरीन अगदी थोडा राहिला तरी कल्ले जळतात आणि मग कंट्रोलमधलेच मासे मरायला लागतात, आणि कंट्रोलमध्ये १० टक्क्यांपेक्षा जास्त मेले की टेस्ट अवैध (दहापेक्षा कमी मासे असतील तर एकाचीच मुभा). ऑक्सिजन सगळ्या टँकमध्ये संपृक्ततेच्या निदान ६० टक्के पाहिजे, नाहीतर मासा केमिकलने मेला की गुदमरून मेला हे सांगणार कोण. टेस्टच्या आधी २४ तास खाणं बंद आणि टेस्ट चालू असताना तर नाहीच, हे ऐकून आमच्या ऑफिसमधल्या एकाला फार वाईट वाटलं, पण खाणं टाकलं की विष्ठा वाढते, अमोनिया वाढतो, ऑक्सिजन उतरतो, आणि केमिकल त्या खाण्यालाच चिकटून बसतं ते वेगळंच.

आता ज्या गोष्टीसाठी मी यांना परत काम देईन ती सांगतो: मासे बघणारी जी टेक्निशियन आहे ती. ओईसीडी २०३ ची जुनी आवृत्ती १९९२ ची होती, २०१९ ला ती बदलली आणि त्यात नुसतं मेला की जिवंत एवढं न लिहिता लक्षणं नोंदवायवर खूप जोर आला. बऱ्याच लॅबच्या शीटवर मात्र अजूनही "नॉर्मल, नॉर्मल, नॉर्मल, मृत" असंच येतं. यांच्या शीटवर पहिल्याच संध्याकाळी, वरून दुसऱ्या प्रमाणाच्या टँकसमोर लिहिलं होतं की तीन मासे पृष्ठभागाजवळ, तोंड वर, कल्ल्यांची झाकणं भराभर हलतायत, एक एका कुशीवर कलतोय पण डिवचल्यावर सरळ होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच मासा तळाशी आडवा, रंग काळपट, आणि त्यापुढे "मरणासन्न" अशी नोंद. मेला कधी म्हणायचं त्याचीही व्याख्या आहे, कल्ल्यांची काहीच हालचाल नाही आणि शेपटीच्या बुडाशी हलकेच स्पर्श केला तरी प्रतिसाद नाही, आणि तिने दोन्ही तपासल्याची खूण प्रत्येक ओळीत आहे. या नोंदींवरून आम्हाला घरबसल्या कळलं की आमचा माल आधी कल्ल्यांवर घाव घालतोय. हे एलसी५० च्या एका आकड्यात कधीच दिसत नाही.

आणि आता तक्रार. मासेवाली बाजू जेवढी कडक तेवढीच केमिस्ट्रीवाली ढिली, दोन वेगळ्या कंपन्या वाटाव्यात इतकी. आमचं केमिकल पाण्यात हळूहळू तुटतं हे आम्ही पहिल्याच ईमेलमध्ये सांगितलं होतं, म्हणूनच सेमी-स्टॅटिक पद्धत ठरली, म्हणजे दर २४ तासांनी द्रावण बदलायचं. ताज्या द्रावणाचं आणि २४ तासांच्या जुन्या द्रावणाचं सॅम्पल घेतलं पण, मोजलं पण. मग ड्राफ्ट रिपोर्ट आला, तोही ठरलेल्या तारखेच्या बराच नंतर आणि दोनदा आठवण केल्यावर, त्यात एलसी५० नॉमिनल प्रमाणावर काढलेला. नॉमिनल म्हणजे आपण वजन करून जेवढं टाकलं तेवढं. पण त्यांच्याच परिशिष्टातल्या तक्त्यात स्वच्छ दिसत होतं की ताज्या द्रावणात जवळपास पूर्ण आहे आणि २४ तासांनी निम्म्याहून कमी उरलंय. नियम सरळ आहे, मोजलेलं प्रमाण नॉमिनलच्या २० टक्क्यांच्या आत-बाहेर टिकलं असेल तरच नॉमिनल वापरा, नाहीतर मोजलेल्यावर हिशोब करा. आता समजा सुरुवातीला १०० आणि शेवटी ४० उरलं, तर भूमितीय सरासरी (दोघांच्या गुणाकाराचं वर्गमूळ) येते ६३ च्या आसपास, म्हणजे माशाला प्रत्यक्षात मिळालं त्याच्या दीडपट मिळालं असं धरून तुम्ही केमिकलला सौम्य ठरवलंत.

हे कळवल्यावर पहिलं उत्तर आलं की "गाइडलाइननुसारच आहे". मग मी त्यांचाच तक्ता पान नंबरसकट परत पाठवला, त्यावर दोन आठवडे शांतता, स्टडी डायरेक्टर (टेस्टचा जबाबदार माणूस) रजेवर, क्यूए (लॅबचा गुणवत्ता तपासणी विभाग) म्हणे आम्ही रॉ डेटाशी आकडे जुळतात का एवढंच बघतो. शेवटी परत हिशोब झाला आणि व्हायचं तेच झालं, लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर असलेला आकडा १० च्या खाली आला. जीएचएसमध्ये, म्हणजे केमिकलच्या धोक्याच्या जागतिक वर्गीकरणात, १० ते १०० म्हणजे ॲक्यूट कॅटेगरी ३ आणि १ ते १० म्हणजे कॅटेगरी २, त्यामुळे आमचं वर्गीकरण एक पायरी वाईट झालं. विक्रीवाले माझ्याशी बरेच दिवस धड बोलत नव्हते, "चांगला आकडा आला होता की, तू कशाला उकरून काढलंस" वगैरे. पण तो चांगला आकडा रेग्युलेटरच्या टेबलवर पाच मिनिटं टिकला नसता, त्याने पण सगळ्यात आधी तोच तक्ता उघडला असता, आणि मग टेस्ट परत, मासे परत, वेळ परत.

एक गोष्ट मात्र त्यांनी हिशोबात बरोबर केली ती पण सांगतो, नाहीतर अन्याय होईल. आमचा डोस-रिस्पॉन्स, म्हणजे प्रमाण वाढेल तसे मृत्यू वाढायचा आलेख, फार खडा निघाला, एका प्रमाणात सगळे जिवंत आणि पुढच्या प्रमाणात सगळे मेले, मधलं काहीच नाही. अशा वेळी प्रोबिट (एलसी५० काढायची नेहमीची संख्याशास्त्रीय पद्धत) लावला की सॉफ्टवेअर आकड्याच्या खात्रीच्या काहीतरी वरच्या-खालच्या मर्यादा छापून देतं आणि लोक त्या तशाच चिकटवतात. यांनी तसं न करता शून्य मृत्यूचं सगळ्यात वरचं आणि १०० टक्के मृत्यूचं सगळ्यात खालचं अशी दोन प्रमाणं घेऊन त्यांची भूमितीय सरासरी दिली आणि तसं का केलं ते दोन ओळीत लिहिलं. दोन प्रमाणांमधलं अंतर २.२ पटीच्या आत ठेवलेलं असल्यामुळे हे चालून जातं, पाचपट-दहापट अंतर ठेवणाऱ्यांनी हे करून बघू नये.

पाचपैकी किती म्हणाल तर मासे, पाणी आणि निरीक्षण याला पाच, केमिस्ट्रीला दोन, ईमेलला उत्तर देण्याला एक, तोही ती टेक्निशियन स्वतःहून फोन करायची म्हणून. इथे काम देणार असाल तर स्टडी प्लॅनवर सही करायच्या आधी त्यात लिहून घ्या की मोजलेलं प्रमाण २० टक्क्यांच्या बाहेर गेलं तर निकाल कशावर काढणार, जुन्या द्रावणाची सॅम्पल प्रत्येक बदलाला घेणार का, आणि रॉ डेटाचे आकडे एक्सेलमध्ये देणार का, कारण आम्हाला तिरपे स्कॅन केलेले कागद आले आणि ते परत टाइप करायला आमचाच माणूस बसवावा लागला.

आमचं पुढचं काम झेब्राफिशच्या भ्रूणांवरचं आहे, ओईसीडी २३६, त्यात पोहणारे मासे लागतच नाहीत, फलित अंडी छोट्या खळग्यांच्या प्लेटमध्ये ठेवून ९६ तास बघतात, ठोके आहेत का, शेपूट बलकापासून सुटली का वगैरे. ते आम्ही यांनाच देतोय. फक्त पाण्यातलं प्रमाण मोजायचं काम दुसऱ्या लॅबला, तिथे वेगळा प्रिन्सिपल इन्व्हेस्टिगेटर (तेवढ्या भागाचा जबाबदार माणूस), जीएलपीत तशी सोय आहे. यांनी कुरकुरत का होईना होकार दिलाय, सध्या सॅम्पल कुठल्या बाटलीत, किती थंड आणि किती तासांत दुसरीकडे पोचवायचं यावर ईमेल चालू आहेत, आणि हो, या वेळी उत्तरं त्याच दिवशी येतायत.