मॉरिस मायनरचा डायनॅमो आणि नवी कटआउट पेटी: अख्खा हिवाळा वापरल्यानंतर

गाडी १०९८ सीसीची मॉरिस मायनर १०००, इंग्लंडमध्ये रोज रस्त्यावर असणारी. लुकासचा मूळ सी ४०/१ डायनॅमो (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा) तसाच ठेवून आरबी १०६/२ नमुन्याची, हल्ली नव्याने बनणारी कटआउट पेटी बसवली आहे. या पेटीत व्होल्टेज काबूत ठेवणारा रेग्युलेटर आणि डायनॅमोला बॅटरीशी जोडणारा-सोडवणारा कटआउट असे दोन भाग असतात. पेटी चांगली आहे, पण खोक्यातून काढून सरळ बसवू नका. आधी सेटिंग तपासा. चार्जिंग बिघडलं की लोक पहिल्यांदा डायनॅमो बदलतात, आणि बहुतेक वेळा त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो.

तरीही सुरुवात डायनॅमोपासूनच करावी, कारण तिथे पाच मिनिटांत निकाल लागतो. फॅनबेल्ट लांब बाजूच्या मध्यावर अंगठ्याने दाबल्यावर साधारण १३ मिमी दबायला हवा. मग डायनॅमोवरच्या डी (जाड) आणि एफ (बारीक) या दोन्ही वायरी काढा आणि ती दोन टर्मिनलं वायरच्या तुकड्याने एकमेकांना जोडा. या गाडीत बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला असतो (पॉझिटिव्ह अर्थ), म्हणून व्होल्टमीटरचं पॉझिटिव्ह टोक डायनॅमोच्या अंगाला आणि निगेटिव्ह त्या जोडाला. इंजिन चालू करून रेस अगदी हळू वाढवा. काटा न थरथरता भराभर चढला तर डायनॅमो ठणठणीत. २० व्होल्टच्या वर जाऊ देऊ नका, १००० आरपीएमच्या पुढे तर न्यायचंच नाही. काटा हललाच नाही तर कार्बन (ब्रश) पाहा: अडकलेत, झिजलेत की स्प्रिंग मेली आहे. अर्धा ते एक व्होल्टवर अडला तर फील्ड कॉइलचा (आतलं चुंबकत्व तयार करणारी गुंडाळी) संशय घ्या; चांगल्या कॉइलचा रेझिस्टन्स ६ ओहमच्या आसपास येतो. चार-पाच व्होल्टवर थांबला तर आर्मेचर, म्हणजे आत फिरणारा भाग. मीटर काट्याचाच घ्या. डायनॅमोच्या खरखरीत डिजिटल मीटरचे आकडे नाचतात आणि माणूस उगाच घाबरतो.

डायनॅमो नवा असेल किंवा कोणी बॅटरीची अर्थिंग उलटी केली असेल, तर वायरी काढलेल्या अवस्थेतच एफ टर्मिनलला बॅटरीच्या निगेटिव्हची वायर क्षणभर टेकवा. बारीक ठिणगी पडेल. एवढ्याने फील्डला योग्य दिशा मिळते.

आता पेटी. डायनॅमोच्या वायरी आधी परत जोडून घ्या. पेटीची टर्मिनलं ए, ए-१, एफ, डी, ई. ए आणि ए-१ वरच्या वायरी काढून एकमेकींना जोडा (नाहीतर इग्निशनला करंट मिळणार नाही) आणि जोडावर नीट टेप गुंडाळा. तिथे थेट बॅटरीचा करंट असतो, मध्ये फ्यूज नाही. मीटर डी आणि ई मध्ये लावा. रेस हळूहळू वाढवत गेलं की काटा एकदा फडफडतो आणि स्थिरावतो. हवा २० अंश सेल्सिअस असताना तो १६.० ते १६.६ व्होल्टवर स्थिरावला पाहिजे. माझ्या पेटीचा काटा त्याच्या बराच खाली थांबत होता, म्हणजे दिवे लावून चालवलं की बॅटरी हळूहळू उतरणारच. रेग्युलेटरच्या स्क्रूचा लॉकनट सैल करून स्क्रू अगदी किंचित फिरवायचा: घड्याळाच्या दिशेने वाढतं, उलट दिशेने कमी होतं. हे काम ३० सेकंदांत उरका. वेळ लागला तर कॉइल तापते आणि आकडा फसवा येतो. मग इंजिन बंद करून कॉइल थंड होऊ द्या आणि पुन्हा मोजा.

१६ व्होल्ट वाचून दचकू नका. हा ए आणि ए-१ च्या वायरी काढलेल्या, म्हणजे बॅटरी न जोडलेल्या अवस्थेतला आकडा आहे. या रेग्युलेटरला करंटची एक वेगळी कॉइल असते. लोड वाढला की ती व्होल्टेज खाली खेचते, म्हणजे डायनॅमो जळत नाही. त्यामुळे उतरलेली बॅटरी आणि चालू हेडलाइट असताना बॅटरीवर १३ च्या आसपास दिसलं तर लगेच स्क्रूला हात लावायचा नाही.

कटआउट १२.७ ते १३.३ व्होल्टला जुळायला हवा आणि इंजिन मंदावल्यावर ११ ते ८.५ च्या दरम्यान सुटायला हवा. तो चिकटून बसला तर बंद गाडीची बॅटरी डायनॅमोतून रिकामी होते आणि वायरी तापतात; अशा वेळी आधी बॅटरीची वायर काढा. कॉन्टॅक्ट साफ करताना एक भेद पाळाच: कटआउटचे कॉन्टॅक्ट मऊ असतात, त्यांना बारीक काचपेपरच, एमरी अजिबात नाही. रेग्युलेटरचे कॉन्टॅक्ट कठीण, त्यांना बारीक कार्बोरंडम चालतो. शेवटी दोन्ही स्पिरिटने पुसा.

ई टर्मिनलची अर्थिंग मात्र पत्रा खरवडून, घट्ट आवळून करा. ती सैल राहिली तर रेग्युलेटर आंधळा होतो, व्होल्टेज रेसबरोबर चढत जातं आणि बॅटरीचं पाणी उकळतं. जुन्या अँबॅसिडरवर हात बसलेल्या इलेक्ट्रिशियनला हे सांगावं लागत नाही.

सेटिंग झाल्यापासून हिवाळाभर पेटीने सेटिंग सोडलेलं नाही. आयडलवर चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणतो, तो डायनॅमोचा स्वभाव आहे. वेगात असताना पुसट लाल दिसला तर कटआउटचे कॉन्टॅक्ट आणि ए ची जोडणी तपासा.

सी ४०/१ जास्तीत जास्त २२ अँपियर देतो. हेडलाइट, वायपर आणि हीटरचा पंखा मिळून त्याला झेपतात. पण रोज संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये रांगत, हे सगळं चालू ठेवून जायचं असेल तर माझा सल्ला अल्टरनेटरचा आहे. त्यासाठी गाडी सहसा निगेटिव्ह अर्थ करावी लागते, आणि रेडिओ पॉझिटिव्ह अर्थचा असेल तर तोही बदलावा लागतो. बाकीच्यांनी डायनॅमोच्या मागच्या बुशच्या भोकात सर्व्हिसिंगला तेलाचे दोन-तीन थेंब सोडावेत. जास्त नको, तेल कॉम्युटेटरवर (कार्बन ज्यावर घासतात त्यावर) उडतं.